दहशतवादावर संशोधन करणाऱ्याच्या पाठीशी विद्यापीठाने लेखी उभे राहावे

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे माननीय कुलगुरू, मानव्यविद्या शाखांचे अधिष्ठाते आणि संशोधन मान्यता समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी राज्यशास्त्राचा अध्यापक आणि पीएच.डी.चा मार्गदर्शक आहे. एका मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे आणि ती मागणी आधीच सांगून टाकतो. दहशतवाद, नक्षलवाद, बंदी घातलेल्या संघटना आणि त्यांचे साहित्य यांवर जे शिकवतात व संशोधन करतात, त्यांच्यासाठी आपल्या विद्यापीठाचे लेखी धोरण असावे. ते विद्यापरिषदेत चर्चा होऊन मंजूर झालेले असावे आणि संकेतस्थळावर कुणालाही वाचता यावे. मी जिथे जिथे शिकवले, समित्यांवर बसलो, तिथे असे धोरण मला पाहायला मिळाले नाही. सगळा कारभार तोंडी चालतो, आणि तोंडी कारभारात शेवटी भीतीचेच म्हणणे खरे ठरते.

विदर्भातल्या एका विद्यार्थिनीने काही वर्षांपूर्वी पीएच.डी.साठी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, तयार केला होता. गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी गावात टाकलेली पत्रके आणि लावलेले बॅनर, आणि त्यांना उत्तर म्हणून पोलिसांनी काढलेली पत्रके, या दोन्हींची भाषा तिला अभ्यासायची होती. गावकऱ्याला कोण काय म्हणून हाक मारतो, कोण कशाची भीती घालतो, कोण कसले आश्वासन देतो, हे तिला शोधायचे होते. तिला गोंडी येत होती. अशी सामग्री गोळा करून ती समजून घेऊ शकणारे संशोधक आपल्याकडे किती आहेत, हे आपण जाणताच. बैठकीनंतर समितीतल्या एका ज्येष्ठांनी तिला मायेने सांगितले, “बाळा, विषय चांगला आहे, पण नको. उद्या ही पत्रके तुझ्या खोलीत सापडली तर तुझ्या मागे कोण उभे राहणार?” इतिवृत्तात याचा एक शब्दही आला नाही. तिने विषय बदलला आणि आज ती ग्रामपंचायतींच्या योजनांवर प्रबंध लिहिते आहे. त्या ज्येष्ठांना मी भित्रे म्हणणार नाही. त्यांचा प्रश्न रास्तच होता. त्याला विद्यापीठाकडे उत्तर नव्हते, हे खरे दुखणे आहे.

उत्तर नसले की काय होते, ते इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात २००८ साली दिसले. रिझवान साबिर हा तिथला एम.ए.चा विद्यार्थी, वय २२. अल-कायदावर पीएच.डी. करायची म्हणून तो प्रस्ताव तयार करत होता. अल-कायदाची प्रशिक्षण पुस्तिका म्हणून ओळखला जाणारा दस्तऐवज त्याने डाउनलोड केला, तोही अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संकेतस्थळावरून. प्रस्तावाच्या कामात त्याला मदत करणारा हिशाम यझ्झा त्याच विद्यापीठात प्रशासकीय कर्मचारी होता. ती फाइल साबिरने त्याला मेलने पाठवली. पुढे यझ्झाच्या संगणकावर ती एका सहकाऱ्याच्या दृष्टीस पडली, विद्यापीठाने पोलिसांना कळवले, आणि १४ मे २००८ रोजी दोघांनाही दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. सहा दिवस कोठडीत काढल्यावर, दहशतवादाचा कोणताही आरोप न ठेवता, त्यांना सोडण्यात आले. २०११ मध्ये पोलिसांनी तडजोड करून साबिरला २० हजार पौंड दिले. तो पुढे डॉक्टरेट होऊन लिव्हरपूलच्या एका विद्यापीठात गुन्हेशास्त्र शिकवू लागला.

पोलिसांचे काय चुकले, याची चर्चा तिथे भरपूर झाली. मला त्याहून विद्यापीठाचे वागणे महत्त्वाचे वाटते. तो दस्तऐवज एम.ए.च्या विद्यार्थ्याला कशासाठी लागतो, हे सांगू शकणारी माणसे त्याच आवारात, राज्यशास्त्र विभागात बसलेली होती. संशय आला की आधी विभागाशी बोलून घ्यायचे, अशी लिहून ठेवलेली पद्धत असती आणि ती पाळली गेली असती, तर हे प्रकरण अर्ध्या तासात मिटण्यासारखे होते. सुटकेनंतर तरी विद्यापीठाने आपल्या अभ्यासकांना धीर द्यायचा. पण त्या वर्षीच्या जुलैत कुलगुरूंनी निवेदन काढले. दहशतवादी साहित्य मिळवण्याचा आणि त्यावर संशोधन करण्याचा हक्क कुणालाही नाही, त्यावर बंदीही नाही, मात्र जो ते करील त्याच्यावर चौकशीची आणि खटल्याची वेळ येऊ शकते, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षी तिथल्या राज्यशास्त्र विभागात वाचनयाद्या तपासायला समिती आली. यादीतले एखादे पुस्तक बेकायदा आहे का, हिंसेला चिथावणी देईल का, हे तिने पाहायचे होते. त्या विभागात दहशतवाद शिकवणारे रॉड थॉर्नटन एके काळचे सैनिक. त्यांनी तो विषय शिकवणेच सोडले. २०११ मध्ये त्यांनी विद्यापीठाच्या वर्तनावर एका परिषदेत सविस्तर निबंध मांडला, तेव्हा त्यांना निलंबित करण्यात आले. घाबरलेल्या संस्थेने विषय जाणणारा शिक्षक असा गमावला.

ब्रिटनच्या २००० सालच्या दहशतवाद कायद्यातले कलम ५८ फार व्यापक आहे. दहशतवादी कृत्याला उपयोगी पडू शकेल अशी माहिती गोळा करणे किंवा जवळ ठेवणे हाच तिथे गुन्हा आहे, आणि बचाव एकच, ‘वाजवी कारण’. शैक्षणिक संशोधन हे असे वाजवी कारण ठरते, हे कायद्यात स्पष्ट लिहायला २०१९ ची दुरुस्ती यावी लागली. त्याच दुरुस्तीने असा मजकूर नुसता इंटरनेटवर पाहणेही गुन्ह्याच्या कक्षेत आणले, म्हणजे पकड आवळताना संशोधकाला एक दार उघडे ठेवले. त्याआधी २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या संघटनेने संवेदनशील संशोधन साहित्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. संशोधकाने आपल्या विषयाची नोंद करावी, साहित्य स्वतःच्या लॅपटॉपवर न ठेवता विद्यापीठाच्या सुरक्षित सर्व्हरवर ठेवावे, आणि कुणाला शंका आली तर आधी विद्यापीठातल्याच नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे जावे, असा त्यांचा गाभा आहे. नॉटिंगहॅमला याचाच उपयोग झाला असता.

आता आपल्याकडचा कायदा. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएमध्ये, संशोधकासाठी असे लिहिलेले दार नाही. ब्रिटनच्या कलम ५८ सारखे ‘जवळ बाळगणे हाच गुन्हा’ असे कलमही त्यात नाही, पण घरात किंवा संगणकात सापडलेले साहित्य बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध असल्याचा पुरावा म्हणून मांडले जाते. आणि एकदा त्या कायद्याखाली अटक झाली की आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, कलम ४३ड(५) मुळे जामीन दुरापास्त होतो. साबिर सहा दिवसांत बाहेर आला. आपल्या विद्यार्थ्याला सहा महिने आरोपपत्राचीच वाट पाहावी लागू शकते, आणि तेवढ्यात त्याची फेलोशिप, वसतिगृहातली खोली, लग्नाचे जमलेले स्थळ, सगळे हातचे जाते.

न्यायालयांनी मात्र आपल्याला हाताशी धरण्यासारखे बरेच काही दिले आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात ऑगस्ट २०१८ मध्ये अटक झालेले व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ रोजी जामीन दिला. निव्वळ साहित्य बाळगणे, मग त्यातला मजकूर हिंसेला प्रेरणा देणारा किंवा तिचा प्रसार करणारा का असेना, तेवढ्यावरून यूएपीएच्या प्रकरण चार आणि सहाखालचा, म्हणजे दहशतवादी कृत्यांचा किंवा दहशतवादी संघटनांशी संबंधित, गुन्हा होत नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. ५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपातून दिल्लीचे प्राध्यापक साईबाबा आणि इतरांना निर्दोष ठरवले. नक्षली विचारांचे साहित्य, हिंसक चित्रफितीसुद्धा, इंटरनेटवर कुणालाही मिळू शकतात, ते डाउनलोड करणे किंवा त्या विचारांबद्दल सहानुभूती असणे हा आपोआप गुन्हा नव्हे, आरोपीचा एखाद्या विशिष्ट कृत्याशी संबंध दाखवणारा पुरावा लागतो, असे त्या निकालात आहे. हे लिहिणारे खंडपीठ आपल्या राज्यातले आहे. तरी आपल्या एखाद्या परिपत्रकात या दोन निकालांचा उल्लेख मी अजून वाचलेला नाही. संशोधन मान्यता समितीच्या प्रत्येक सदस्याच्या हाती त्यांतले हे परिच्छेद मराठीत छापून दिले, तरी निम्मी भीती ओसरेल.

पण निकाल लागेपर्यंतची वर्षे कोण परत देणार? गोन्साल्विस आणि फरेरा जवळजवळ पाच वर्षे आत होते. साईबाबांना २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली होती. सुटून सात महिने झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते वारले. ही प्रकरणे संशोधनाची होती, असा माझा दावा नाही. साहित्याच्या मुद्द्यावर न्यायालयाचे शब्द यायला किती काळ जातो, एवढेच मला दाखवायचे आहे. त्यात २०२५ च्या जुलैत विधिमंडळाने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. बेकायदा कृत्याच्या त्यातल्या व्याख्येत बोललेले आणि लिहिलेले शब्द, चिन्हे, दृश्ये हेही येते. त्या विधेयकावर माझे मत आहे, ते मी अन्यत्र मांडीन. इथे मुद्दा वेगळा आहे. कायदा जितका सैल शब्दांत, तितकी विद्यापीठाने आपल्या बाजूची कागदपत्रे चोख ठेवायला हवीत. संशोधक हा संशोधकच आहे, हे सांगणारा कागद अटकेच्या आधीच्या तारखेचा असला पाहिजे. नंतर दिलेल्या दाखल्याला तपास अधिकारी विचारत नाही.

म्हणून धोरणात काय असावे, याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

विषय मान्य होताच विभागाने त्याची नोंद करावी आणि संशोधकाला पत्र द्यावे. कोणत्या प्रकारचे साहित्य लागणार, ते कुठे ठेवले जाणार, मार्गदर्शक कोण, हे त्यात असावे. साहित्य विद्यापीठाच्या सर्व्हरवर किंवा ग्रंथालयातल्या कुलपाच्या कपाटात राहील. कर्मचाऱ्याला, वॉर्डनला, सहकाऱ्याला काही खटकले तर त्याने कुणाकडे जायचे, ते पद नावानिशी लिहिलेले असावे, आणि त्या पदावरच्या माणसाने मार्गदर्शकाशी बोलल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. जिवाला तातडीचा धोका दिसत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पोलिसांना कळवायलाच हवे, आणि धोरणात तेही लिहा. पोलीस चौकशीला आले तर विद्यापीठाचा वकील विद्यापीठाच्या खर्चाने हजर राहील, एवढे एक वाक्य त्यात आले तर त्या विदर्भातल्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर मिळाले असते.

विषय नाकारायचा असेल तर तो लेखी कारण देऊन नाकारावा. ‘संवेदनशील आहे’ हे कारण नव्हे. पद्धतीत दोष आहे, सामग्री मिळण्यासारखी नाही, संशोधकाच्या जिवाला धोका आहे, ही कारणे झाली, आणि त्यांवर अपील करता आले पाहिजे. बॉम्ब बनवण्याची कृती गोळा करणे राज्यशास्त्राच्या प्रबंधाला लागत नाही, त्याला हे संरक्षण मागता येणार नाही, हेही बिनदिक्कत लिहा. संशोधनाच्या आडून कुणी संघटनेसाठी माणसे जमवत असेल तर त्याची बाजू घ्या, असे कुणीच म्हणत नाही.

याच ठिकाणी ब्रिटनची दुसरी बाजूही पाहून घ्यावी, कारण धोरण स्वतःच फास होऊ शकते. तिथे २०१५ च्या कायद्याने विद्यापीठांवर ‘प्रिव्हेंट’ नावाचे कर्तव्य लादले, की लोक दहशतवादाकडे ओढले जाऊ नयेत याची काळजी विद्यापीठांनीही घ्यावी. २०१८ मध्ये रेडिंग विद्यापीठात क्रांती आणि नैतिकता या विषयावरचा, एका नामवंत दिवंगत प्राध्यापकाचा निबंध संवेदनशील ठरवला गेला. विद्यार्थ्यांना सांगितले गेले की तो स्वतःच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर उघडू नका, सुरक्षित जागीच वाचा, इतरांना दिसेल असा टाकून जाऊ नका. हिंसा कधी समर्थनीय ठरते, हा तर राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा प्रश्न आहे. तो चोरून वाचायचा असेल तर वर्गात शिकवायचे काय? म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की वाचनयाद्या फक्त अभ्यासमंडळानेच ठरवाव्यात. त्या तपासायला सुरक्षा अधिकारी नको आणि पोलिसांचे ना-हरकत पत्र नको. ग्रंथालयात कुणी कोणते पुस्तक काढले, याची यादी कुणी सहज मागितली म्हणून द्यायची नाही. संशोधकांच्या नोंदवहीलाही तेच लागू. कायद्याने लेखी मागणी आली तरच ती दाखवायची, आणि ज्याच्याबद्दल मागणी आहे त्याला, कायद्याची आडकाठी नसेल तर, कळवायचे.

मुलाखती घेणाऱ्यांसाठी वेगळे कलम लागेल. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून घेतल्या. त्यात ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढलेल्या आयआरए या सशस्त्र संघटनेचे लोक होते, ब्रिटनच्या बाजूने लढलेलेही होते. तुम्ही हयात असेपर्यंत हे कुणाला ऐकवले जाणार नाही, असा शब्द त्यांना दिला होता. २०११ मध्ये ब्रिटनच्या विनंतीवरून अमेरिकेच्या न्याय खात्याने त्या मुलाखतींसाठी समन्स काढले. कोर्टात लढा झाला, मागणी आकसली, तरी काही मुलाखती शेवटी उत्तर आयर्लंडच्या पोलिसांकडे गेल्याच. ज्यांनी विश्वासाने तोंड उघडले त्यांचा घात झाला, आणि यापुढे कोण बोलेल, हा प्रश्न त्या भागातल्या प्रत्येक इतिहासकारापुढे उभा राहिला. जो शब्द विद्यापीठ पाळू शकत नाही, तो संशोधकाने देऊ नये. काय गुप्त राहू शकते आणि काय राहू शकत नाही, हे मुलाखत देणाऱ्याला त्याच्या भाषेत, म्हणजे गडचिरोलीत गोंडीत किंवा माडियात, आधी सांगितले पाहिजे. नावे बदलण्याची, टेप नष्ट करण्याची पद्धत समितीने आधी ठरवून दिली पाहिजे.

गडचिरोलीचा उल्लेख मी पुन्हा पुन्हा करतो, त्याला कारण आहे. १९८० पासून हा जिल्हा हे सगळे सोसतो आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती आपल्या साठेक साथीदारांसह तिथेच शरण आला. शरण आलेले स्त्री-पुरुष, पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकाचे जवान, मारल्या गेलेल्या गावपाटलांची घरे, खबऱ्या म्हणून ठार झालेल्यांच्या विधवा, खोट्या केसमध्ये वर्षे घालवलेले तरुण, ही सगळी माणसे आज बोलू शकतात. दहा वर्षांनी त्यांतली अनेक नसतील, आणि उरलेल्यांची आठवण सरकारी पुस्तिकेच्या भाषेत बसलेली असेल. तिथे २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. हे काम त्यांनी करायचे नाही तर कुणी करायचे? त्या मातीतले, ती भाषा बोलणारे विद्यार्थी त्याच विद्यापीठात आहेत.

आणि मुंबई? १२ मार्च १९९३, ११ जुलै २००६, २६ नोव्हेंबर २००८, मालेगावचे दोन स्फोट, पुण्याची जर्मन बेकरी, एवढे सगळे आपल्या राज्याने भोगले. २०२५ च्या जुलैत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल रेल्वे स्फोटांतल्या बाराही आरोपींची शिक्षा रद्द केली, ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव खटल्यातल्या सातही जणांना सोडले. तपास कुठे कोसळला, कबुलीजबाब कसे घेतले गेले, मृतांच्या घरच्यांच्या हाती काय उरले, यावर आपल्या विद्यापीठांतून दहा तरी चांगले प्रबंध यायला हवेत. सर्वोच्च न्यायालयात पुढे काय होते ते होवो, अभ्यास त्यासाठी थांबायचे कारण नाही.

तो अभ्यास कोण करणार, या प्रश्नाशी मी सर्वांत जास्त अडखळतो. नॉटिंगहॅममध्ये अटक झालेल्यांपैकी एक पाकिस्तानी वंशाचा ब्रिटिश, दुसरा अल्जेरियाचा. २०१५ मध्ये स्टॅफर्डशायर विद्यापीठात दहशतवाद याच विषयात एम.ए. करणारा एक मुस्लिम विद्यार्थी ग्रंथालयात त्याच विषयाचे पाठ्यपुस्तक वाचत बसला होता, तेवढ्यावरून त्याची विचारपूस झाली. विद्यापीठाने नंतर माफी मागितली, पण त्याने तो अभ्यासक्रम सोडला होता. आपल्याकडेही हेच आहे. पुण्यातला माझ्यासारखा आडनावाने सुरक्षित माणूस माओवाद्यांची पत्रके टेबलावर पसरून बसला तर लोक त्याला तज्ज्ञ म्हणतात. गडचिरोलीतल्या एटापल्लीचा माडिया आदिवासी मुलगा किंवा मालेगावची मोमीन मुलगी तेच करील तेव्हा पहिला प्रश्न वेगळा असतो. आणि नेमके हेच दोघे त्या विषयाच्या सर्वांत जवळ आहेत, त्यांनाच तो आतून कळतो. तोंडी कारभाराचा सगळ्यात मोठा फटका त्यांनाच बसतो, कारण ओळखीने फोन करणारे त्यांच्यामागे कुणी नसते. लेखी धोरण सगळ्यांना सारखे लागू होते.

मागणी स्पष्ट आहे. विद्यापरिषदेच्या येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा. मसुद्यासाठी समिती नेमावी. तीत राज्यशास्त्र, इतिहास, संरक्षण व सामरिकशास्त्र यांचे मार्गदर्शक, कायद्याचे अध्यापक, फौजदारी वकिली करणारे एक जण, ग्रंथपाल आणि किमान दोन संशोधक विद्यार्थी असावेत, त्यांतला एक विद्यार्थी आदिवासी किंवा अल्पसंख्याक समाजातला असावा. मसुदा हरकतींसाठी खुला ठेवावा. धोरण मंजूर होईपर्यंत कुलसचिवांनी एक पानी परिपत्रक काढावे, की मान्य झालेल्या विषयाच्या संशोधकाबद्दल शंका आल्यास आधी विभागप्रमुख व मार्गदर्शकाशी लेखी संपर्क साधला जाईल. याला पैसा लागत नाही, नवे पद लागत नाही, मंत्रालयाची परवानगीही लागत नाही. मसुद्याच्या कामात माझा वेळ हवा असेल तर मी केव्हाही येईन, आणि माझ्यासारखे येणारे अनेक आहेत.

ज्या समितीने तो जुना सिनॉप्सिस पाहिला होता, तिच्या पुढच्या बैठकीपुढे मी त्याच विषयावर दुसऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रस्ताव ठेवतो आहे. या वेळी जे उत्तर येईल ते लेखी यावे, एवढी विनंती.

आपला विश्वासू,
राज्यशास्त्राचा एक अध्यापक आणि पीएच.डी. मार्गदर्शक